आजार नेमका केव्हा सुरू झाला? मेंदूतल्या एका लहरीचं प्रकरण

काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढली, ईईजीचा (मेंदूतल्या विजेच्या नोंदीचा) रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. "मॅडम, मेंदूची पट्टी तर नॉर्मल आलीय. मग ह्याला झालंय तरी काय?"

मुलगा १९ वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. शेजारचे भिंतीपलीकडून आपल्याबद्दलच बोलतात, आपल्या डोक्यातले विचार त्यांना आधीच कळतात, अशी त्याची पक्की खात्री झालेली. (ओळख पटू नये म्हणून त्याच्याबद्दलचे तपशील मी बदलले आहेत.) सायकोसिसच्या, म्हणजे भास आणि भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटण्याच्या, पहिल्या खेपेला आलेल्या मुलामुलींच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. काकूंचा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच, आणि तो अगदी रास्त आहे.

पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या रुग्णाचा ईईजी डॉक्टर काढायला सांगतात तो दुसऱ्याच संशयापोटी. टेम्पोरल लोबमधून, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून, उठणाऱ्या फिट्स कधी कधी हुबेहूब सायकोसिससारख्या दिसतात. मेंदूला सूज आणणारे काही आजारही भास आणि भ्रमाचं रूप घेऊन येतात. त्यातला एक २००७ साली नीट ओळखला गेला. त्यात शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर (पेशींकडे येणारे रासायनिक निरोप झेलणाऱ्या रेणूवर) हल्ला करतात. तरुण मुलींमध्ये तो जास्त दिसतो आणि वेळेत सापडला तर त्यावर वेगळे, गुणकारी उपचार आहेत. म्हणून ती अर्ध्या तासाची तपासणी: डोक्याला पेस्टने चिकटवलेल्या वायरी, "डोळे मिटा, जोरजोरात श्वास घ्या", समोर लुकलुकणारा दिवा. रिपोर्ट नॉर्मल आला की या आजारांची शक्यता बरीच कमी होते. मुलाला सायकोसिस आहे का, हे त्या तपासणीत कुणी विचारलेलंच नसतं.

तरीही सायकोसिसची खूण ईईजीत सापडते. ती शोधण्याची पद्धत मात्र वेगळी आहे. या लेखात अशा एकाच खुणेची हकिकत सांगायची आहे. बोस्टनजवळच्या एका रुग्णालयात तिने संशोधकांना असा चकवा दिला की सगळ्यांनी गृहीत धरलेली एक गोष्ट पुन्हा तपासावी लागली.

मेंदूला विचारलेला प्रश्न

माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेची पहिली नोंद १९२४ मध्ये जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी घेतली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. बर्गर मनोविकारतज्ज्ञ होते. पुढे ईईजी न्यूरॉलॉजीवाल्यांचा झाला, फिट्सची तपासणी म्हणून ओळखला गेला, पण त्याचं माहेर मानसोपचारातलं आहे, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं.

आपल्याला हवी ती लहर १९७८ मध्ये फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्तो नॅटानेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मांडली. नाव मिसमॅच निगेटिव्हिटी, संशोधकांच्या तोंडी एमएमएन. कल्पना साधी आहे. कानात एकाच पट्टीचा स्वर पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि मध्येच कधीतरी जरा वेगळा. मेंदूला पुढच्या स्वराची सवय झालेली असते. सवय मोडली की साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत ईईजीची रेषा ऋण बाजूला झुकते. ऐकणाऱ्याने लक्ष द्यायची गरज नाही. झोपाळलेल्या तान्ह्या बाळातही हा प्रतिसाद मिळतो आणि कोमातल्या काही रुग्णांतही.

विद्यार्थी असताना निरोगी गटातली स्वयंसेवक म्हणून मी स्वतः या चाचणीला बसले होते. डोक्यावर घट्ट टोपी, टोपीच्या भोकाभोकांतून बोथट सुईच्या सिरिंजने थंडगार जेल भरत होते. समोर आवाज बंद केलेला सिनेमा. सूचना एकच: "कानातल्या आवाजाकडे लक्ष देऊ नका, सिनेमा बघा." मग सुरू झालं, टू टू टू टू टू टी टू टू टू. पाच मिनिटांनी मला ते ऐकूही येईनासं झालं. मेंदू मात्र प्रत्येक "टी"ची नोंद घेत होता. घरी जाऊन केसांतलं जेल काढायला दोन वेळा शाम्पू लागला.

सुरुवातीच्या सायकोसिसमध्ये या लहरीला एवढं महत्त्व का, ते इथेच कळतं. भेदरलेला, रात्र रात्र न झोपलेला मुलगा "बटण दाबा, आकडे लक्षात ठेवा" अशा चाचण्या कशा देणार? त्याने त्या नीट दिल्या नाहीत तर दोष आजाराचा की भीतीचा, हे सांगणं अवघड. एमएमएनसाठी त्याने फक्त बसून राहायचं असतं.

अडचण दुसरीकडे आहे. ही लहर फार बारीक असते, जेमतेम चार-पाच मायक्रोव्होल्टची. डोळे मिटून निवांत बसलेल्या माणसाच्या नेहमीच्या लहरी तिच्या कितीतरी पट मोठ्या. एका "टी"नंतरची पट्टी कितीही निरखली तरी काही दिसणार नाही. म्हणून सरासरी काढतात. समजा दोन हजार स्वर वाजवले आणि त्यात पाच टक्के वेगळे ठेवले, तर १०० वेगळे स्वर मिळाले. या १०० तुकड्यांची सरासरी घेतली की योगायोगाने वरखाली होणारा गोंगाट १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे दहापटीने, खाली येतो. २० मायक्रोव्होल्टचा गोंगाट दोनवर येतो आणि त्यातून चारची लहर डोकं वर काढते. शेवटी नेहमीच्या स्वराची सरासरी त्यातून वजा करायची. उरेल ती एमएमएन. दवाखान्यातली पट्टी वाचणाऱ्या डॉक्टरांना ती कधीच का दिसत नाही, याचं उत्तर या गणितात आहे.

बेलमाँटमधली मोजणी

स्किझोफ्रेनिया, म्हणजे दीर्घकाळ चालणारा सायकोसिसचा आजार, असलेल्यांमध्ये ही लहर लहान होते, हे १९९१ पासून छापून येऊ लागलं. एकामागून एक प्रयोगशाळांनी तेच पाहिलं. १९९६ मध्ये डॅनियल जॅविट यांच्या गटाने माकडांमध्ये दाखवलं की एनएमडीए रिसेप्टर अडवला की हा प्रतिसाद दबतो. २००० मध्ये डॅनियल उम्ब्रिख्त आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना केटामिन हे भुलीचं औषध दिलं. केटामिनही तोच रिसेप्टर अडवतं. त्यांचीही एमएमएन घटली. सगळं एकमेकांत चपखल बसत होतं: रिसेप्टरमधला दोष, त्यामुळे लहान लहर, आणि हा दोष जन्मापासूनचा असेल तर आजार उघड व्हायच्या आधीपासून ती लहानच असणार. मग आपल्या हाती आगाऊ सूचना देणारं यंत्रच आलं, असं कितीतरी जणांना वाटलं. त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. मीही तेव्हा या क्षेत्रात असते तर तेच म्हणाले असते.

बोस्टनजवळच्या बेलमाँट इथल्या मॅक्लीन रुग्णालयात डीन सॅलिसबरी, रॉबर्ट मॅकार्ली आणि सहकाऱ्यांनी हे गृहीतक सरळ मोजून पाहायचं ठरवलं. त्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वर एक किलोहर्ट्‌झचा, मध्येच १.२ किलोहर्ट्‌झचा. वर्षानुवर्षं आजारी असलेल्यांमध्ये लहर जवळपास निम्मी भरली, अपेक्षेप्रमाणेच. पण पहिल्यांदाच रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये? त्यांची लहर निरोगी माणसांइतकीच निघाली. भास होते, भ्रम होते, दाखल करण्याइतकी वाईट अवस्था होती, आणि लहर शाबूत.

अशा निकालाला दोन अर्थ असू शकतात. एक म्हणजे या पहिल्या खेपेच्या गटात बऱ्या होणाऱ्यांचा भरणा जास्त असेल, आणि दीर्घकाळ आजारी असलेल्यांचा गट हा मुळातच वेगळ्या, जास्त गंभीर लोकांचा असेल. दुसरा अर्थ असा की लहर आजार उघड झाल्यानंतर घटते. दोन वेगळे गट शेजारी शेजारी ठेवून याचा निवाडा होत नाही. त्याच माणसांना परत बोलवावं लागतं.

त्यांनी बोलावलं. ऐकायला सोपं वाटतं, पण ज्याला नुकतं रुग्णालयातून सोडलंय, ज्याला त्या इमारतीची आठवणही नको आहे, ज्याचा पत्ताही बदलला असेल, अशा माणसाला दीड वर्षाने फोन करून "पुन्हा टोपी घालायला या" म्हणणं किती अवघड असतं, हे पाठपुराव्याचं काम केलेल्यालाच कळेल. २००७ मध्ये आलेल्या अहवालात सुरुवातीला स्किझोफ्रेनियाचे २०, सायकोसिससह बायपोलर आजाराचे २१ आणि निरोगी ३२ जण होते. दुसऱ्या मोजणीला त्यातले अनुक्रमे १६, १७ आणि २० आले. ईईजीसोबत एमआरआयही काढला, आणि तोही सगळ्यांचा होऊ शकला नाही.

पहिल्या मोजणीत तिन्ही गटांच्या लहरी सारख्या. सुमारे दीड वर्षानंतर स्किझोफ्रेनियाच्या गटाची लहर घटलेली, बायपोलर आणि निरोगी गटांची जागच्या जागी. डाव्या बाजूला, कानावरून आलेला आवाज मेंदूच्या बाह्यपटलात जिथे प्रथम पोहोचतो तो भाग म्हणजे हेश्लचा उंचवटा. ज्यांची लहर जास्त घटली त्यांच्या त्या उंचवट्यातलं करडं द्रव्यही जास्त आटलेलं होतं. आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: पहिल्या मोजणीतसुद्धा, जेव्हा गटाची सरासरी निरोगी दिसत होती, तेव्हा स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी ज्यांचा उंचवटा लहान त्यांची लहरही लहान, असं नातं होतंच. निरोगी गटात ते नव्हतं. म्हणजे काहीतरी सुरू झालं होतं, फक्त सरासरीत अजून उमटलं नव्हतं.

हा अभ्यास वाचताना माझ्या मनात पहिला विचार येतो तो दीड वर्षाचा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांचं तेवढं दीड वर्ष डॉक्टरपर्यंत पोहोचण्यातच गेलेलं असतं. आधी "अभ्यासाचं टेन्शन", मग "बाहेरचं काहीतरी झालंय", मग देवऋषी, मग गावच्या दैवताला नवस, मग नातेवाइकांपासून लपवणं. घरच्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. ते प्रेमापोटी जमेल ते करत असतात. पण मेंदूच्या दृष्टीने ते दीड वर्ष रिकामं नसतं, एवढं बेलमाँटच्या मोजणीवरून दिसतं.

उलट साक्ष

प्रकरण तिथेच मिटलं असतं तर लेखही संपला असता. पण दुसऱ्या बाजूची साक्ष तितकीच भक्कम आहे.

उम्ब्रिख्त यांच्याच गटाने २००६ मध्ये पहिल्या खेपेच्या रुग्णांचे शिक्षणानुसार दोन गट पाडून पाहिले. ज्यांचं महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण झालं नव्हतं त्यांची लहर लहान होती, झालेल्यांची नव्हती. शिक्षण सुटणं हे बऱ्याचदा आजाराच्या छुप्या सुरुवातीचंच लक्षण असतं. काकूंच्या मुलाचे दुसऱ्या वर्षात विषय राहायला लागले होते, भिंतीपलीकडचे आवाज सुरू होण्याच्या बऱ्याच आधी.

मग जर्मनीत मार्टिन बोडाच आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जोखमीच्या अवस्थेतल्या ६२ तरुणांचा अभ्यास मांडला. हे लोक अजून पूर्ण सायकोसिसमध्ये गेलेले नव्हते. पुढे त्यांतल्या २५ जणांना तो झाला, आणि त्यांची एमएमएन आधीच लहान होती. ती लहर होती स्वराच्या लांबीतल्या बदलाची. स्वराची पट्टी बदलल्यावर येणाऱ्या लहरीत मात्र असा फरक सापडला नाही.

वरवर पाहता बेलमाँटचा निकाल यामुळे खोटा ठरतो. पण बारकाईने बघा. सॅलिसबरींनी स्वराची पट्टी बदलली होती. मेंदूच्या लेखी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १.२ किलोहर्ट्‌झचा स्वर एक किलोहर्ट्‌झपेक्षा वेगळा आहे हे ओळखायला श्रवणाच्या बाह्यपटलातल्या वेगळ्या पेशी कामी येतात, आणि ते काम बरंचसं तिथल्या तिथे उरकतं. ५० मिलिसेकंदांचा स्वर नेहमीसारखा तेवढ्यात थांबला की १०० पर्यंत लांबला, हे कळायला मात्र वेळ मनात धरून ठेवावी लागते. ही जास्त नाजूक कामगिरी आधी बिघडते आणि पट्टीची ओळख नंतर ढासळते, असा अर्थ मला सगळ्यात पटतो. पुढे पहिल्या खेपेच्या अभ्यासांची बेरीज सॅलिसबरींच्या गटाने स्वतःच केली. त्यातही पट्टीच्या बदलाचा फरक जवळपास शून्य आणि लांबीचा लहान ते मध्यम निघाला. स्वतःचा जुना निकाल पुन्हा तपासायला काढणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

आणखी एक गोम आहे, आणि ती यंत्रात नाही. "पहिली खेप" म्हणजे काय? संशोधक दाखल झाल्याची तारीख धरतात, कारण तेवढीच लेखी असते. एखाद्या शहरात घरच्यांनी तीन आठवड्यांत मुलाला रुग्णालयात नेलं असेल, दुसरीकडे तीन वर्षांनी. दोघांवरही शिक्का "पहिली खेप". लहर जर आजारासोबत उतरत जाणारी असेल, तर वेगवेगळ्या गावांतल्या अभ्यासांचे निकाल वेगवेगळे येणारच. ईईजी मिलिसेकंदांपर्यंत अचूक असतो. आजाराच्या सुरुवातीची तारीख मात्र आईच्या आठवणीवर अवलंबून असते.

एका मुलासाठी याचा उपयोग काय

काकूंनी पुढचा प्रश्न विचारला तो अर्थातच हा: "मग ती टोपीवाली टेस्ट कुठे होते? ह्याची करून घेऊ." मी नको म्हटलं, आणि का ते इथे सविस्तर सांगते.

२०१६ मध्ये मॉली एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या १०१ गटांवरच्या एमएमएन मोजण्यांची बेरीज मांडली. माणसामाणसांतल्या नेहमीच्या चढउताराच्या (प्रमाणित विचलनाच्या) पटीत स्किझोफ्रेनिया आणि निरोगी यांच्यातला फरक ०.९५ भरला, आजाराच्या सुरुवातीच्या काळात ०.४२. हे आकडे घरगुती भाषेत आणायचे तर ढोबळ हिशेब असा: एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशी कुठलीही जोडी उचला. जुन्या आजाराच्या १०० जोड्यांपैकी सुमारे ७५ जोड्यांत रुग्णाची लहर लहान निघेल. नव्या आजारात सुमारे ६२ जोड्यांत. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. शंभर लोकांच्या गटाबद्दल बोलायला हा फरक पुरेसा आहे. खुर्चीत बसलेल्या एका मुलाबद्दल त्यावरून काहीही ठरवणं हा त्याच्यावर अन्याय होईल.

म्हणूनच "ब्रेन मॅपिंग करून स्किझोफ्रेनियाचं अचूक निदान" अशी रंगीत नकाशांची जाहिरात दिसली की मला राग येतो. कर्ज काढून आलेले पालक मी पाहिले आहेत. ब्रेन मॅपिंग हा शब्द आपल्याकडे आधी पोलीस तपासाच्या बातम्यांतून घरोघरी पोहोचला. तिथे पी३०० नावाच्या, एमएमएनच्या सख्ख्या बहिणीसारख्या लहरीवरून आरोपीला काय माहीत आहे ते ओळखू पाहत होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशी चाचणी संमतीशिवाय करण्याला मनाई केली. दवाखान्यात संमती असते, पण आशेपोटी दिलेली संमती किती मोकळी असते, हा विचार जाहिरात करणाऱ्यांनी करायला हवा.

लहरीचा खरा उपयोग दुसरा आहे. जोखमीच्या अवस्थेतल्या तरुणांपैकी तीन वर्षांत साधारण एक चतुर्थांश सायकोसिसमध्ये जातात, बाकीचे जात नाहीत. सगळ्यांना औषधं सुरू केली तर बहुतेकांना विनाकारण दिली जातात. मुलाखत, झोप, शिक्षण, घरचा इतिहास यांच्या जोडीला लहरीची भर घातली तर अंदाज सुधारतो का, हे पाहण्यासाठी २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांत मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात सगळीकडे एकाच पद्धतीने ईईजी घेतला जातो, स्वराची पट्टी आणि लांबी दोन्ही बदलून. एमआरआयच्या मानाने ईईजी स्वस्त असतो, जिल्ह्याच्या गावीही पोहोचू शकतो. आणि नवं औषध लहरीची घसरण थांबवतं का, हे महिन्यांत मोजता आलं तर वर्षानुवर्षं थांबावं लागणार नाही. यासाठी मी या संशोधनाच्या बाजूने आहे, मनापासून.

काकूंना मी सांगितलं की रिपोर्ट खरा आहे आणि मुलाचा त्रासही खरा आहे. त्याच दिवशी औषधं सुरू झाली. पुढच्या खेपेला येताना मला फक्त तारखा हव्यात, असं म्हटलं: झोप कधी उडाली, मित्र कधी सुटले, पहिल्यांदा खिडकी कधी बंद करून घेतली.

पंधरा दिवसांनी त्या आल्या. मुलगा सोबत होता, बाकावर डोळे मिटून बसलेला. पिशवीतून या वेळी फाइलऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरची फाडलेली पानं निघाली. तारखांच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, अर्धा लिटर, एक लिटर, मध्ये एखादा "नाही". एका विशिष्ट महिन्याच्या पानापासून पुढे रोजचं दूध अर्ध्या लिटरने वाढलेलं दिसत होतं. "ह्याला रात्री दोन-तीनदा चहा लागायला लागला ना, तेव्हापासून जास्त घ्यायला लागले मी," काकू म्हणाल्या. त्यांनी पहिल्या दिवशी मला गणपतीनंतर बिघडलं असं सांगितलं होतं. दूध वाढल्याचं ते पान मात्र त्याच्या आदल्या वर्षीच्या माघ महिन्यातलं होतं. मी फाइलमध्ये आधी लिहिलेली तारीख खोडली आणि नवी लिहिली.